कुत्र्याचं घराणं पुढे चालवावं काय? नवशिक्यांसाठी चित्रांविना मार्गदर्शिका

ज्यांच्या घरी पहिल्यांदाच कुत्रं आलं आहे आणि ते आता सहा-सात महिन्यांचं झालं आहे, अशा कुटुंबांसाठी ही मार्गदर्शिका आहे. त्याआधी ती वाचून उपयोग नाही. पिल्लू लहान असताना कुणालाच सल्ला नको असतो, फोटो हवे असतात. दोन वर्षांनी वाचूनही उपयोग नाही, कारण तोवर निर्णय झालेला असतो. फक्त तो तुम्ही घेतलेला नसतो.

साहित्य: एक कुत्रा किंवा कुत्री. एक कुटुंब, शक्यतो मतं असलेलं. एक पशुवैद्य, ज्यांचं तुम्ही ऐकाल असे. रद्दी, भरपूर. (रद्दी कशाला ते पुढे कळेल. आत्तापासून रद्दीवाल्याला परत पाठवायला लागा.)

या मार्गदर्शिकेत नराला ब्रूनो आणि मादीला कोको म्हटलं आहे, कारण हल्ली सोसायट्यांमध्ये दुसऱ्या नावाची कुत्री फारशी उरलेली नाहीत. दवाखान्याच्या फायलीवर त्यांच्यापुढे तुमचं आडनावही लागतं. कोको कुलकर्णी. त्यामुळे घराण्याचा प्रश्न आपोआपच गंभीर होतो.

पायरी पहिली: बैठक घ्या

रविवारी जेवणं झाली की सगळ्यांना बसवा. प्रश्न सोपा ठेवा. पिल्लं होऊ द्यायची, की ऑपरेशन करून टाकायचं? यानंतर तुम्हाला बोलायची संधी मिळणार नाही.

सुरुवात आजी करतील. "एकदा तरी होऊ दे गं तिला. बाईचा जन्म आहे." या वाक्यापुढे घरातल्या कोणत्याही पदवीचं काही चालत नाही. एक वेत झालं की कुत्रीची तब्येत सुधारते, स्वभाव निवळतो, पुढची दुखणी टळतात, असंही आजी सांगतील. यातलं काहीही सिद्ध झालेलं नाही. मात्र ते तिथे सांगू नका. आजींचा मुद्दा वैद्यकीय नसतोच. त्यांना घरात बाळंतपण हवं असतं आणि नातसुनेकडून ते लवकर होण्याची चिन्हं नसतात.

कोकोचा विषय चालू असेपर्यंत बाबा पेपर वाचत असतात. ब्रूनोचा निघाला की पेपर खाली येतो आणि बाबा पाय जवळ घेऊन बसतात. "नको रे. गरीब प्राणी. त्याला आयुष्यात दुसरी काय मजा?" ब्रूनोला दिवसातून दोन वेळा जेवण, तीन फेऱ्या आणि बाबांची आरामखुर्ची एवढी मजा आहे, शिवाय ज्या मजेबद्दल बाबा बोलत आहेत ती त्याला आजवर एकदाही मिळालेली नाही. हेही बोलू नका. बाबांसारख्या मंडळींचा विचार करून अमेरिकेतल्या ग्रेग मिलर या गृहस्थांनी 'न्यूटिकल्स' नावाची वस्तू काढली. ऑपरेशननंतर कुत्र्याच्या मोकळ्या पिशवीत बसवायच्या या कृत्रिम गोळ्या. तीन आकारांत आणि तीन प्रकारच्या टणकपणात मिळणाऱ्या. त्यांना 2005 साली वैद्यकशास्त्राचं इग नोबेल पारितोषिक मिळालं. ते पारितोषिक चेष्टेचं असलं तरी वस्तू खरी आहे आणि तिला गिऱ्हाईक आहे. कुत्र्याला यातला फरक कळत नाही. ज्याला कळतो तो बिल भरतो.

मग काका "हे निसर्गाच्या विरुद्ध आहे" असं म्हणतील. ते म्हणत असतील तेव्हा कोको चौथ्या मजल्यावर, पंख्याखाली, बेल्जियममध्ये तयार झालेलं खाणं पचवत पडलेली असेल. काका धार्मिक असतील तर दत्ताचा दाखलाही येईल, की देवाच्या पायाशी श्वान असतात. असतात, चार. पिढ्यान्‌पिढ्या चारच आहेत. चारांचे आठ झाल्याची तसबीर कुणी पाहिलेली नाही.

दहावीतल्या मुलीला पिल्लांचे रील करायचे आहेत. तिचा मुद्दा निदान प्रामाणिक आहे.

बैठक निर्णयाशिवाय संपेल. संपू द्या.

पायरी दुसरी: डॉक्टरांकडे जा, आणि तुम्हाला हवं ते ऐकायला जाऊ नका

इथे थोडं गंभीर व्हावं लागतं, कारण दोन्ही बाजूंनी लोक अर्धंच सांगतात.

ऑपरेशन न झालेल्या कुत्रीचं सगळ्यात मोठं संकट म्हणजे पायोमेट्रा, गर्भाशयात पू होणं. माज येऊन गेल्यावर काही आठवड्यांनी, बहुधा मध्यम किंवा उतार वयात, ती अचानक खूप पाणी प्यायला लागते, खाणं सोडते, मलूल पडते. कधी स्राव दिसतो, कधी गर्भाशयाचं तोंड बंद असल्याने सगळं आतच साठतं आणि काहीच दिसत नाही. तेव्हा रात्री-बेरात्री तेच ऑपरेशन करावं लागतं, जे तरुणपणी शांतपणे करता आलं असतं. फक्त आता कुत्री आजारी असते, रक्तात विष भिनत असतं आणि डॉक्टर "बघू" म्हणतात. स्वीडनमध्ये बहुतेक कुत्र्यांचा विमा असतो. तिथल्या नोंदींवरून दिसलं की ऑपरेशन न झालेल्या माद्यांपैकी साधारण चारांत एकीला वयाच्या दहाव्या वर्षापर्यंत हा आजार होतो. म्हणजे बागेत संध्याकाळी चार जणी भेटतात, त्यांतली एक.

स्तनांच्या गाठींबद्दल डॉक्टर तुम्हाला एक जुना आकडा सांगतील. 1969 सालच्या एका अमेरिकन अभ्यासात पहिल्या माजाआधी ऑपरेशन झालेल्या माद्यांमध्ये हा धोका, न झालेल्यांच्या तुलनेत, अर्धा टक्काच उरला होता. एक माज झाल्यावर 8 टक्के, दोन झाल्यावर 26. पन्नासहून अधिक वर्षं हे आकडे दवाखान्यांच्या भिंतींवर आहेत. 2012 साली काही संशोधकांनी मूळ पुरावे पुन्हा चाळले आणि ते वाटतात तितके भक्कम नाहीत असं सांगितलं. दिशा बरोबर असावी, पण दशांशापर्यंत शपथ घेऊ नये.

आता दुसरी बाजू. मोठ्या जातींचं ऑपरेशन फार लवकर केलं तर सांध्यांना त्रास होऊ शकतो. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिसमधल्या संशोधकांनी 2013 साली गोल्डन रिट्रीव्हरवर आणि नंतर पस्तीस जातींवर अभ्यास केला. त्यात गोल्डन, लॅब्रेडॉर, जर्मन शेफर्ड यांसारख्या जातींत वर्षाच्या आत ऑपरेशन झालेल्यांमध्ये खुबा आणि गुडघ्याच्या तक्रारी जास्त आढळल्या. लहान चणीच्या बहुतेक जातींत असा फरक दिसला नाही. म्हणजे पॉमेरेनियनचं जे वय ते लॅबचं नव्हे. शिवाय काही माद्यांची पुढे झोपेत लघवी गळते. औषधाने ती बहुधा आटोक्यात येते.

ब्रूनोच्या बाबतीत वृषणाचा कर्करोग अर्थातच टळतो आणि म्हातारपणीचा प्रोस्टेटचा त्रास कमी होतो. पळून जाणं, गाडीच्या प्रत्येक चाकावर सही करणं, हेही पुष्कळ कमी होतं. चावरेपणा मात्र हमखास जातो असं समजू नका. भित्रा कुत्रा ऑपरेशननंतर भित्राच राहतो, कधी अधिक. जो राखण करायचा तो करत राहतो. जो चोराला शेपूट हलवायचा तोही हलवत राहतो. एक मात्र ध्यानात ठेवा. ब्रूनोचं एक वृषण खाली उतरलंच नसेल तर ऑपरेशनवर चर्चाच नको. पोटात राहिलेल्या वृषणात गाठ होण्याचा धोका जास्त असतो, आणि तो दोष पिल्लांतही जातो.

आजींसाठी एक खास माहिती. माज आला, नर भेटला नाही, तरी पुढचे दोन महिने कोकोच्या शरीरात गाभण असल्यासारखेच रस चालू असतात. त्यामुळे कधी कधी तिला दूध येतं, ती कोपरा खणते, आणि तुमची एक चप्पल पोटाशी घेऊन गुरगुरत बसते. आजी डोळ्यांना पदर लावून म्हणतील, "बघा, आई व्हायचंय तिला." तिला काहीही व्हायचं नसतं. हा प्रोजेस्टेरॉनचा खेळ आहे. दोन-तीन आठवड्यांत उतरतो आणि चप्पल परत मिळते, अर्धी.

पायरी चौथी: फाटक

ही पायरी तिसरीच्या आधी घडते, म्हणून आधी दिली आहे.

तुम्ही अजून "बघू या, दिवाळीनंतर ठरवू" असं म्हणत असताना कोको माजावर येते. लहान जातींत सहा महिन्यांपासून, मोठ्या जातींत कधी दीड वर्षानेही. फरशीवर डाग दिसतात. घरात धावपळ होते, डायपर येतात, सोफ्यावर जुन्या चादरी पडतात. पहिल्या नऊएक दिवसांत ती कुठल्याही नराला जवळ येऊ देत नाही. मग डाग फिकट होतात, कमी होतात. घरातले सगळे सुटकेचा नि:श्वास टाकतात, डायपर काढतात आणि तिला मोकळं सोडतात. नेमके हेच पुढचे नऊएक दिवस ती नराला होकार देते. नवशिक्यांच्या कुत्र्यांची बहुतांश पिल्लं या एका गैरसमजातून जन्माला येतात, असं मला वाटतं.

वास कुत्र्यांना दूरवरून येतो. फाटकापाशी आधी एक येतो, मग चार. वॉचमन काठी आपटतो. सोसायटीच्या सेक्रेटरींचं पत्रक निघतं, त्यात "सदर प्रकार" असा उल्लेख असतो. आणि ज्या दिवशी गॅसवाला फाटक उघडं ठेवून वर जातो, त्या दिवशी कोपऱ्यावरच्या चहाच्या टपरीवरचा काळ्या तुमचा प्रश्न पाच मिनिटांत सोडवतो. पाच मिनिटं सुरुवातीची. त्यानंतर दोघं पाठमोरी अडकतात आणि कधी अर्धा तास तशीच उभी राहतात. ही रचना निसर्गाची आहे. पाणी ओतू नका, काठी मारू नका, ओढू नका. दोघांनाही इजा होते. मुलांना आत पाठवा, शेजाऱ्यांकडे बघू नका आणि थांबा. गॅलऱ्या भरतील, त्याला इलाज नाही.

एवढ्यावर भागलं असं समजू नका. त्याच आठवड्यात दुसरा नर भेटला तर एकाच वेतात दोन बापांची पिल्लं असू शकतात. त्यामुळे चार काळी, दोन पिवळी आणि एक ठिपक्यांचं निघालं तर कोणी कोणावर संशय घेऊ नये. ही घटना कळताच डॉक्टरांना फोन करायचा असतो. लवकर गेलात तर उपाय असतो. "होईल काहीतरी" हा उपाय नव्हे.

पायरी तिसरी: स्थळ पाहणे

समजा फाटक बंद राहिलं आणि तुम्ही रीतसर पिल्लं घ्यायचं ठरवलं. मग स्थळ पाहावं लागतं. बागेतल्या मंडळींत शब्द टाका. दोन दिवसांत कळेल की सगळ्यांचे नर 'चॅम्पियन लाइन'चे आहेत, 'हेवी बोन' आहेत, आणि एकाचे तर आजोबा इम्पोर्टेड होते. कागद मागा. केनेल क्लब ऑफ इंडियाचं प्रमाणपत्र असेल तर वंशावळ कळते. तेवढंच कळतं. आजोबा थायलंडहून आले हे कागद सांगतो, ते चार वर्षांचे असताना उठता-बसता कण्हत होते हे सांगत नाही.

जे बघायचं ते वेगळंच आहे आणि ते कुणी विचारत नाही. खुब्याचा आणि कोपराचा एक्स-रे काढला आहे का? डोळे तपासलेत का? त्या जातीत चालत आलेले आजार या घरात आहेत का? दोघांची ब्रुसेलाची तपासणी झाली का? हा संसर्ग संबंधातून पसरतो, गर्भ पडतात, आणि माणसालाही होऊ शकतो. तुम्ही हे प्रश्न विचारलेत की समोरचे गृहस्थ दुखावतील. मुलाकडच्यांना पगाराची स्लिप मागितल्यासारखा चेहरा होतो त्यांचा. दुखावू द्या. जे दुखावत नाहीत आणि फाईल काढून देतात, त्यांच्याकडेच जा. अशी माणसं आहेत, थोडी आहेत आणि त्यांच्याकडे घाई नसते.

रिवाज असा की मादीला नराच्या घरी न्यायचं. आपल्या अंगणात नराचा आत्मविश्वास टिकतो म्हणतात. मोबदला रोख किंवा वेतातलं पहिल्या पसंतीचं पिल्लू. हे आधी कागदावर लिहून घ्या, कारण पिल्लं झाल्यावर दोन्ही घरांना तेच एक पिल्लू आवडतं.

कोको बुलडॉग किंवा फ्रेंच बुलडॉग असेल तर इथेच थांबा. या जातींची डोकी आणि खांदे माणसाने निवडून निवडून इतके रुंद केले आहेत की बहुतेक बाळंतपणं सिझेरियनने होतात. चपट्या नाकामुळे भूलही जोखमीची. 2003 साली हच या मोबाइल कंपनीच्या जाहिरातीत एक पग मुलाच्या मागे मागे गेला आणि देशभर पगची लाट आली. त्या लाटेतली कित्येक कुत्री उन्हाळ्यात नीट श्वास घेण्यासाठी धडपडत जगली. नागपुरात हस्की पाळून त्याची पिल्लं काढू पाहणाऱ्या सज्जनांसाठी या मार्गदर्शिकेत पायरी नाही.

त्रेसष्ट दिवस आणि नंतरचं

याला पायरी म्हणता येत नाही, ही उतरण आहे.

गर्भ साधारण त्रेसष्ट दिवसांचा. महिन्याभरात सोनोग्राफीवर कळतं, शेवटच्या आठवड्यांत एक्स-रेवर डोकी मोजता येतात. या काळात घरात कॅल्शियमच्या गोळ्या आणि डिंकाचे लाडू यांचा मोह आवरा. गाभणपणात उगाच दिलेलं कॅल्शियम शरीराला आळशी करतं आणि पिल्लं प्यायला लागली की रक्तातलं कॅल्शियम घसरून कुत्री थरथरायला लागते, झटके येतात. लाडवातले बेदाणे तर कुत्र्याच्या मूत्रपिंडांसाठी विषच. ओटी भरून फोटो काढायचे असतील तर काढा, ओटीतलं काही तिच्या तोंडात जाऊ देऊ नका. मुलीचे रील इथून सुरू होतात.

प्रसूतीच्या आदल्या दिवशी तिचं तापमान 37 अंशांच्या आसपास उतरतं. म्हणून शेवटच्या आठवड्यात रोज मोजायचं. कुठून, ते डॉक्टर दाखवतील, आणि बाबा त्या खोलीतून बाहेर जातील. कळा रात्री सुरू होतात असा नियम नाही, पण अनुभव आहे. जोराच्या कळा अर्धा तास येऊनही पिल्लू येत नसेल तर गाडी काढायची. म्हणजे रात्री दोनला उघडा असलेला दवाखाना आधीच शोधून ठेवायचा.

लॅब्रेडॉरला सात-आठ पिल्लं सहज होतात. पहिले तीन आठवडे कोको त्यांचं सगळं करते. चाटून त्यांना शी-शू करायला लावते आणि साफही करते. खोली स्वच्छ असते, आजी कौतुक करतात, पाहुणे येतात, रील चालतात. मग पिल्लं बाहेरचं खायला लागतात आणि कोको साफसफाईचा विषय सोडून देते. आठ पिल्लं. प्रत्येकी दिवसातून पाच-सहा वेळा. आता कळलं ना रद्दी कशाला? दोन आठवड्यांपासून दर पंधरा दिवसांनी जंताचं औषध, सहा-आठ आठवड्यांच्या सुमाराला पहिली लस. लसीआधी एखाद्या पाहुण्याच्या चपलेवरून पार्व्हो आला तर तीन दिवसांत खोली रिकामी होऊ शकते. काही न होताही पहिल्या आठवड्यात एखादं पिल्लू जातं. ते मुलांना कसं सांगायचं हे मला लिहिता येणार नाही.

वाटप

पिल्लांचा विचार चालू होता तेव्हा "एक आमच्यासाठी ठेवा हं!" असं म्हणणाऱ्यांची यादी तुमच्याकडे असेल. साधारण चौदा जण. आता फोन लावा.

पहिल्यांच्या सासूबाईंना दमा आहे. दुसरे भाड्याच्या फ्लॅटमध्ये आहेत, मालक म्हणतो कुत्रा नको. (तेव्हाही मालक हाच होता.) तिसरे मुलाकडे अमेरिकेत सहा महिने चाललेत. चौथ्यांना नर हवा होता, नर संपले. पाचव्यांना मादी चालेल, पण "पुढे पिल्लांची कटकट नको". म्हणजे तुमचीच कटकट त्यांना अचूक कळली आहे. सहावे फोन उचलत नाहीत. सातवे येतात, पिल्लू घेतात, आणि पाच दिवसांनी पिशवीतून परत आणून देतात, कारण ते रात्री रडतं. आठवे विचारतात, "फुकट ना?" फुकट नेलेल्या कुत्र्याचं पुढे काय होतं हे कुणी मोजत नाही, पण शहरातल्या कुठल्याही प्राणी निवाऱ्यात जाऊन बघा. गळ्यात पट्ट्याचा व्रण असलेले लॅब आणि जर्मन शेफर्ड तिथे बसलेले असतात.

विकायचं ठरवलंत तर सरकारही बैठकीला येतं. 2017 सालच्या श्वान प्रजनन व विक्री नियमांनुसार विक्रीसाठी पैदास करणाऱ्याने राज्य पशुकल्याण मंडळाकडे नोंदणी करायची असते. दीड वर्षाच्या आतल्या मादीपासून पिल्लं काढायची नाहीत, आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायचं नाही. समाजमाध्यमांवर "पस्तीस दिवसांची, हेल्दी, लिमिटेड" अशी जाहिरात दिसते, तिथे हा नियम जागच्या जागी मोडलेला असतो.

आणि काळ्याची पिल्लं? त्यांना तर जाहिरातही नसते. 2019 च्या पशुगणनेत देशात सुमारे 1 कोटी 53 लाख भटकी कुत्री मोजली गेली. त्यांच्यावरून आपल्याकडे भांडणंही जुनी आहेत. 1832 साली मुंबईत कंपनी सरकारच्या पोलिसांनी बेवारस कुत्री मारायला घेतली तेव्हा पारशी मंडळी रस्त्यावर उतरली, बाजार बंद पडला, सैन्य बोलवावं लागलं. आता मारण्याऐवजी नसबंदी, लस आणि कानाला खूण करून परत सोडणं हा मार्ग आहे. 2023 च्या प्राणी जन्मनियंत्रण नियमांत तो आहे. त्याच नियमांत आणखी एक वाक्य आहे, जे सोसायटीच्या सभेत कुणी वाचून दाखवत नाही. पाळीव कुत्र्याची लस, जंताचं औषध आणि नसबंदी ही जबाबदारी मालकाची. महापालिकेच्या गाडीने काळ्याला न्यावं म्हणून सही करणाऱ्या पहिल्या दहांत कोकोचे बाबा असतात.

एक अपवाद

पैदास म्हणजे पापच, असं मी म्हणत नाही. मराठवाड्यात, लातूरच्या बाजूला, पश्मी आणि कारवान पाळणारी माणसं भेटतात. सडपातळ, लांब तोंडाची, सशामागे सुटली की नजर पोचायच्या आत शेताच्या टोकाला पोचणारी कुत्री. त्याच घराण्यातला पलीकडचा मुधोळ हाउंड घोरपड्यांच्या संस्थानामुळे नावारूपाला आला आणि 2005 साली टपाल तिकिटावरही गेला. या माणसांकडे कागद नसतो, पण कुठल्या कुत्रीचा बाप कुठल्या वाडीचा होता, तिची कोणती बहीण लंगडी निघाली, हे तोंडपाठ असतं. लंगडीला ते पुढे घेत नाहीत. तुम्ही जर याच कामात उतरणार असाल, वर्षानुवर्षं, नोंदी ठेवून, नको त्या कुत्र्याला नको म्हणायची हिंमत ठेवून, तर या मार्गदर्शिकेची तुम्हाला गरज नाही. बाकीच्यांनी "आमची फार गोड आहे, तिच्यासारखीच अजून हवीत" हे कारण पुरेसं धरू नये. तिच्यासारखी होत नाहीत. दोन शांत, चार दांडगट, एक भित्रं आणि एक थेट तुमच्या धाकट्या दिरासारखं, असं निघतं.

माझं मत विचाराल तर एक कसोटी आहे. कोऱ्या कागदावर आठ नावं लिहा आणि प्रत्येकाला सांगा की पुढच्या बारा वर्षांत कधीही जमलं नाही तर कुत्रं आमच्याकडे परत आणा, आम्ही ठेवू. आठ नावं भरली आणि शेवटचं वाक्य तुमच्या तोंडून अडखळता न निघालं, तर स्थळ पाहायला लागा. एरवी पाचवी पायरी.

पायरी पाचवी: ऑपरेशन

लहान जातींचं सहा महिन्यांच्या सुमाराला, लॅब-गोल्डनसारख्यांचं वर्ष उलटल्यावर. नेमकं कधी ते तुमच्या डॉक्टरांनी तुमचं कुत्रं बघून सांगायचं. कोको माजावर असताना नको. तेव्हा गर्भाशयाला रक्तपुरवठा जास्त असतो. माज संपल्यावर दोन-तीन महिने थांबतात. आधी रक्त तपासतात. ब्रूनोचं काम थोडक्यात होतं, कोकोचं पोट उघडावं लागतं म्हणून वेळ जास्त. दोघंही बहुधा संध्याकाळी घरी येतात, झिंगलेली.

दुसऱ्या दिवशी ती उड्या मारायला लागतील आणि तुम्ही घाबराल. टाके निघेपर्यंत, दहा-बारा दिवस, उड्या नाहीत, जिने नाहीत, आंघोळ नाही. गळ्यात प्लॅस्टिकचा शंकू असतो. तो दाराला, टेबलाला आणि तुमच्या पोटऱ्यांना आदळत राहील. दया येऊन काढू नका. कुत्र्याला टाका चाटून उघडायला फार वेळ लागत नाही.

ऑपरेशननंतर कुत्री जाड होतात ही तक्रार खरी आहे, पण अर्धी. शरीराची गरज कमी होते आणि भूक वाढते, म्हणून खाणं साधारण पाव हिश्शाने कमी करायचं. ताटातलं उरलेलं तूप-पोळीचं कुणी तिच्या तोंडात सरकवत असेल, तर त्या व्यक्तीचंही नाव डॉक्टरांना सांगावं. वजन महिन्यातून एकदा काट्यावर बघा. घरच्यांच्या नजरेला ते कधीच वाढलेलं दिसत नाही.

तारीख घेताना सोमवार किंवा मंगळवार मागा. शनिवारी ऑपरेशन झालं आणि टाका रविवारी उघडला, तर बहुतेक दवाखाने बंद असतात.